चोणक लागतो आणि सुटतो: दोर, गाठ, ड्रॅग आणि गळ यांची क्रमवार तपासणी

मिरगाचा पाऊस पडून गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी नद्यांचे पाणी गढूळ झाले की, आणि पुन्हा चतुर्थीनंतर ते निवळू लागले की, माझ्या पडवीत रॉड-रीळ घेऊन येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. तक्रार ठरलेली असते: "व्हडलो चोणक आशिल्लो, दोर तोडून गेलो." हे एकच दुखणे मी स्वतःच्या आणि इतरांच्या सामानात इतक्या वेळा दुरुस्त केले आहे की आता ते वाक्य पुरे होण्याआधीच मी दोराचे टोक मागतो. मासा सामानाला खरोखर भारी पडला असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा दोर आधीच तुटायच्या बेताला आलेला असतो आणि मासा केवळ निमित्त होतो.

महाराष्ट्रात ज्याला जिताडा म्हणतात तोच हा चोणक. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गुलाबी सामन अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो. चोणकाची रीत उलटी आहे. तो गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो आणि प्रजननासाठी नदीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. लहानपणी तो बहुधा नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मुखाशी भेटणारे मोठे चोणक बहुतेक माद्याच असतात. सामानाचे दोष नेमके या मोसमात उघडे पडतात याचे कारणही हेच. वर्षभर खाडीत पालू नि शेवटे हे मासे गरवताना, म्हणजे गळाने धरताना, जी गाठ कुरकुरत नाही, ती चोणकाच्या पहिल्याच उडीला दगा देते.

आधी लक्षणे

चोणक "गेला" म्हणजे नेमका कसा गेला, हे सांगता येणे हीच अर्धी दुरुस्ती आहे. घरी जाण्याच्या घाईत तुटलेले टोक कापून फेकून देण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. ते टोक उजेडात धरून बोटांनी चाचपून पाहावे.

टोक दोडक्याच्या वेलाच्या तंतूसारखे पीळदार, कुरळे झालेले असेल, तर दोर तुटलेलाच नसतो. गाठ घसरून सुटलेली असते. टोक सुरीने कापल्यासारखे साफ असेल, तर ते माशाच्या गालाने, कालवाच्या शिंपल्याच्या कडेने किंवा केंडमाशाच्या दातांनी कापलेले असते. टोकाजवळचा वीतभर भाग खरखरीत, केसाळ आणि पांढुरका दिसत असेल, तर दोर बराच वेळ कशावर तरी घासला आहे. ते घासणे पाण्यातल्या दगडावर झाले असेल किंवा तुमच्याच रॉडच्या कड्यात. दोर शाबूत आहे पण गळ सरळ झाला आहे, हे चौथे लक्षण. दोरही शाबूत आणि गळही शाबूत, पण मासा दोन उड्यांत मोकळा झाला, हे पाचवे, आणि ते सर्वांत जास्त वेळा दिसते. शेवटचे लक्षण ऐकण्याचे आहे: मासा पळताना रिळाचा आवाज सलग न येता थांबून थांबून, अडखळत येतो आणि त्या अडखळण्यातच दोर जातो.

यापुढच्या तपासण्या मी स्वस्ताकडून महागाकडे लावल्या आहेत. क्रम सोडू नये. रीळ उघडून वॉशर बदलल्यावर दोष गाठीत होता असे कळणे फार चिडवणारे असते, आणि हे मी अनुभवाने सांगतो.

गाठ: खर्च शून्य

पहिली तपासणी गाठीची, कारण तिला पैसा लागत नाही आणि सर्वाधिक दोष तिथेच सापडतात. घरी एका जाड खिळ्याला गळ अडकवून, हाताला फडके गुंडाळून दोर सावकाश, पण पुरा जोर लावून ओढावा. गाठ हलली, करकरली किंवा तिचे शेपूट आत सरकले, तर ती पुन्हा बांधावी.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. नायलॉनचा एकेरी दोर आणि विणलेला, म्हणजे ब्रेडचा दोर, यांचे स्वभाव वेगळे आहेत. ब्रेड गुळगुळीत असतो आणि ओढल्यावर जवळपास लांबत नाही, त्यामुळे वडीलधाऱ्यांनी शिकवलेली, दोर स्वतःभोवती पाच वेळा फिरवून बांधायची साधी गाठ नायलॉनमध्ये घट्ट बसते तशी ब्रेडमध्ये बसत नाही. ती हळूहळू घसरते. ब्रेड थेट कडीला बांधायचा असेल तर पालोमार गाठ वापरावी, आणि ब्रेडला लीडर, म्हणजे गळाच्या बाजूचा जाड दोराचा तुकडा, जोडायचा असेल तर निदान डबल युनी. एफजी गाठ सर्वांत बारीक बसते आणि कड्यांतून अडखळल्याशिवाय निघते, पण ती होडीत, वाऱ्यात, घाईने बांधायची गाठ नव्हे. घरी पंख्याखाली वीस-पंचवीस वेळा सराव झाल्याशिवाय तिच्यावर चोणक सोपवू नये.

नायलॉनची आणि फ्लुरोकार्बनची गाठ आवळताना ती ओली करावी. कोरडी आवळली की घर्षणाने दोर तापतो, त्या जागी तो कमकुवत होतो, आणि वरून पाहता काहीच दिसत नाही. वाईट बांधलेली गाठ दोराची ताकद निम्म्यावरही आणू शकते; म्हणजे तुम्ही पैसे तीस पौंडांच्या दोराचे दिलेत आणि मासा पंधरा पौंडांच्या दोराशी झुंजतो आहे.

गळ: नखाची परीक्षा

मासा उडी मारून, डोके झटकून मोकळा होत असेल तर गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद, दाब न देता ओढून पाहावे. धारदार टोक नखात रुतते; बोथट टोक घसरत जाते. घसरले तर बारीक कानसेने तीन-चार हात मारावे किंवा गळ बदलावा. चोणकाच्या तोंडाचा पुढचा भाग कडक असतो आणि बोथट गळ तिथे शिरत नाही, नुसता टेकून राहतो. आपल्याला वाटते मासा लागला; खरे तर तो ल्यूर, म्हणजे नकली आमिष, तोंडात धरून चाललेला असतो, आणि पाण्याबाहेर येऊन त्याने जबडा उघडला की संपले. म्हणूनच मासा उडी घेताना दिसला की रॉडचे टोक पाण्याकडे झुकवावे, पण दोर सैल पडू देऊ नये.

जिवंत सुंगट (कोळंबी) किंवा लहान शेवटा लावून गरवणाऱ्यांनी गोल वळणाचा, सर्कल हुक म्हणतात तो गळ वापरला असेल, तर खेच लागताच झटका देण्याची सवय सोडावी लागते. त्या गळाची रचनाच अशी असते की मासा वळून चालू लागला आणि दोर ताणला गेला की तो तोंडाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका दिला की तो रिकामा बाहेर येतो. सर्कल हुकला नावे ठेवणारे मला भेटलेले बहुतेक लोक हा झटका देणारे होते.

गळ सरळ होत असेल तर आधी तारेची जाडी पाहावी. बऱ्याच ल्यूरना कारखान्यातूनच बारीक तारेचे तिहेरी गळ आणि पातळ कड्या येतात. त्या गोड्या पाण्यातल्या लहान माशांना पुरतात. त्यांच्या जागी जाड तारेचे, खाऱ्या पाण्यासाठी मुलामा दिलेले गळ आणि तशाच कड्या घालाव्यात. जड गळाने ल्यूरची पोहण्याची चाल बिघडते, म्हणून बदलल्यावर ती काठाजवळच्या पाण्यात एकदा ओढून पाहावी.

लीडर: साफ कापलेल्या टोकाचे उत्तर

चोणकाच्या तोंडात सुळे नसतात. त्याचे दात कानसेसारखे खरखरीत असतात. त्याचे हत्यार गालावर आहे. कल्ल्यावरच्या झाकणाची कड दातेरी असते आणि तिच्या कोनात एक मजबूत काटा असतो. मासा डोके झटकतो तेव्हा दोर याच कडेवरून सपकन ओढला जातो. मेलेल्या चोणकाच्या कल्ल्यात निष्काळजीपणे बोट घातलेल्या कोणाही माणसाला ही धार वेगळी समजवावी लागत नाही.

म्हणून मुख्य दोर आणि गळ यांच्या मध्ये चाळीस ते साठ पौंडांचा, मीटर-दीड मीटर लांबीचा नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर हवाच. ब्रेड थेट गळाला बांधणे ही बचत नव्हे. ब्रेड सरळ ओढीला कितीही बळकट असला तरी ताणलेल्या स्थितीत धारेवर टेकला की सुतासारखा जातो. लीडर प्रत्येक माशानंतर दोन नखांच्या चिमटीतून ओढून पाहावा आणि खरखर लागली तर तेवढा भाग कापून गळ पुन्हा बांधावा. रायबंदरच्या बांधाचे दगड असोत, जुन्या जेटीचे खांब असोत किंवा मानशीच्या, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, भिंती असोत, जिथे कालवे आणि शिणाणे यांची शिंपली चिकटलेली आहेत तिथे हे काम दर अर्ध्या तासाने करावे. (मानशीवर गरवण्याआधी तिथल्या मासळीचा हक्क कोणाकडे आहे हे विचारून घ्यावे, ओहोटीला मानशीतून पाणी सुटते तेव्हा तिच्या तोंडाशी मासा गोळा होतो हे हक्कदारालाही ठाऊक असते.)

खेच जाणवलीच नाही आणि दोर ओढल्यावर गळासकट टोक गायब, असे पुनःपुन्हा होत असेल, तर तो चोणक नव्हे, बहुधा केंड असतो. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात. त्याला उपाय एकच, जागा बदलणे. चुकून हाती आला तर तो खायचा नाही; त्याच्यातले विष शिजवूनही जात नाही.

ड्रॅग: माड आणि वजनकाटा

ड्रॅग म्हणजे मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की दोर सुटू देणारा रिळातला ब्रेक. इथे थोडे थांबून काम करावे, कारण ड्रॅग हाताने ओढून "बरोबर आहे" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा चुकतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा साधा काटा माडाच्या बुंध्याला बांधावा, दोराचा फास त्याच्या आकड्यात अडकवावा, दहा-बारा पावले मागे जावे आणि मासा खेळवताना धरतो तसा रॉड वाकवून, दोर सुटू लागेपर्यंत खेचावा. दुसऱ्याने काटा वाचावा. सुटतेवेळचा आकडा दोराच्या लिहिलेल्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावा. वीस पौंडांचा दोर म्हणजे सुमारे 9 किलो. त्याला ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो. तीस पौंडांचा म्हणजे साधारण साडेतेरा किलो; त्याला साडेतीन ते साडेचार.

इतका कमी का, असा प्रश्न हमखास येतो. एक तर गाठीने काही ताकद आधीच खाल्लेली असते. दुसरे, रिळावरचा दोर कमी होत गेला की त्याच ड्रॅगची ओढ वाढत जाते. दोराच्या गुंडाळ्याचा व्यास निम्मा उरला की ओढ दुप्पट होते. मासा दूर पळाला असताना ड्रॅगची चकती आणखी आवळण्याचा मोह होतो, आणि नेमका तेव्हाच तो घातक ठरतो.

काटा वाचताना आकड्याइतकीच त्याची चालही पाहावी. दोर सुटू लागल्यावर आकडा स्थिर राहिला तर ड्रॅग निरोगी आहे. तो चारवर चढतो, मग झटक्याने दोनवर उतरतो, पुन्हा चढतो, असे होत असेल तर वॉशर चिकटत आहेत. अडखळणाऱ्या आवाजाचे मूळ हेच. अशा वेळी ड्रॅग सैल करून भागत नाही, वॉशरच साफ करावे लागतात. त्याकडे पुढे येतो.

कडी, रूळ आणि जुना दोर

दोर खरखरीत होऊन तुटत असेल आणि तुम्ही दगडांपासून दूर, मोकळ्या पाण्यात होता, तर दोष रॉडवर शोधावा. कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी प्रत्येक कड्याच्या आतल्या बाजूने फिरवावी. चिनीमातीच्या अस्तराला केसाएवढी चीर असली तरी कापसाचे तंतू तिथे अडकतात. टोकाचे कडे सर्वांत आधी तपासावे, कारण आपण रॉड स्कूटरच्या मागे आडवा बांधून पणजीच्या गर्दीतून नेतो आणि जे काही आपटायचे ते टोकच आपटते. टोकाचे कडे घरी बदलता येते: जुने कडे हळूच गरम करून डिंक मऊ झाला की काढावे, नवे त्याच प्रकारच्या वितळणाऱ्या डिंकाने बसवावे. रॉडची कांडी तापवू नये, धातूची नळीच तापवावी.

त्यानंतर रिळाच्या तारेवरचा लहान रूळ बोटाने फिरवून पाहावा. तो मिठाने जाम झाला असेल तर दोर त्यावरून फिरण्याऐवजी घासत जातो. गरम पाण्यात भिजवून आणि थेंबभर रिळाचे तेल देऊन तो बहुधा सुटतो. दोर जुना असेल तर दर मोसमाला नायलॉन बदलावा. ऊन त्याला आतून ठिसूळ करते आणि वरून तो फक्त थोडा निस्तेज दिसतो. ड्रॅग सुटत असताना दांडी फिरवत राहण्याची सवय असेल तर दोराला पीळ पडतो, तो वेगळाच त्रास.

रीळ उघडणे

आता वॉशर. ज्या रिळात ड्रॅगची चकती वरून सुटते, त्यात हे काम टेबलावर, पांढऱ्या फडक्यावर, अर्ध्या तासात होते. चकती काढून आतली तारेची कडी सोडवावी आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडावेत. प्रत्येक पायरीचा फोटो काढावा. धातूचे वॉशर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. लोकरीचे वॉशर दबून काळे, कडक झाले असतील तर नवे घ्यावेत. ड्रॅगसाठी बनवलेले ग्रीज बोटाच्या टोकावर येईल इतकेच लावावे.

खोबरेल लावू नये. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक रीळ माझ्याकडे आले. दांडी फिरवायला दोन हात लागत होते आणि उघडताच स्वयंपाकघराचा वास आला. मालकाने दिवाळीला ते प्रेमाने खोबरेलात न्हाऊ घातले होते. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठते, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे तेवढा गारवा असतोच. त्यावर मिठाची भुकटी बसून साबणवडीसारखा थर झाला होता.

दोष पुन्हा येऊ नये म्हणून दोनच सवयी लागतात. घरी आल्यावर ड्रॅग आवळून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराच्या नळीने धुतले तर मीठ बाहेर येण्याऐवजी बेअरिंगमध्ये शिरते. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर वॉशर दबलेल्या अवस्थेतच कायमचे बसतात.

कुठे थांबावे

दांडी उलटी फिरू लागली असेल तर थांबा. उलट फिरणे अडवणारा एकदिशा क्लच चुकीच्या ग्रीजने पूर्णच निकामी होतो. तो कारागिराचा विषय आहे. दांडी फिरवताना आत खडे दळल्यासारखे वाटत असेल, तर दातेरी चक्रे झिजली आहेत, तेल घालून ती बरी होत नाहीत. मधले कडे तुटले असेल तर ते दोऱ्याने बांधून इपॉक्सीने बसवावे लागते, तेही जाणत्याकडूनच करून घ्यावे. वाकवताना कांडीतून टिकटिक आवाज आला तर तो रॉड माशावर वापरू नये. कार्बन फुटतो तेव्हा धारदार चिरफळ्या होतात. तोच कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून काठ सोडावा, मग चोणक कितीही खेळत असो.

कुंभारजुव्याच्या कालव्यात अडकलेला दोर सोडवायला पाण्यात उतरू नये. तिथे मगरी आहेत. ल्यूर गेला असे समजून दोर कापावा.

गळ हातात रुतून त्याची उलटी नांगी कातडीखाली गेली असेल तर ओढाओढ न करता दोर कापावा आणि डॉक्टरकडे जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे तिथेच विचारावे. डोळ्याजवळ असेल तर गळाला हातही लावू नये. शिंगाळ्याच्या काट्याने किंवा चोणकाच्या गालाने झालेली जखम खाडीच्या पाण्यात भिजली आणि काही तासांत लाली पसरू लागली, ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर मुळीच वाट पाहू नये.

रीळ कारागिराकडे देताना सुटलेले वॉशर पिशवीत एकत्र ओतून आणू नयेत. निघालेल्या क्रमाने तारेत ओवून आणावेत, म्हणजे चुकीचा वॉशर कुठे बसवला होता हेही दिसते. आणि तुटलेल्या दोराचे शेवटचे हातभर टोक काडेपेटीत घालून सोबत आणावे.